कडेचे इलेक्ट्रॉन : आवर्तसारणीतील गणांविषयी

निऑनच्या अणूत १० इलेक्ट्रॉन असतात, सोडियमच्या अणूत ११ आणि पोटॅशियमच्या अणूत १९. नुसत्या संख्येवरून नाते ठरवायचे तर सोडियम निऑनच्या अगदी शेजारचे आणि पोटॅशियम सोडियमपासून आठ घरे लांब. प्रत्यक्षात निऑन कशाशीच संयोग पावत नाही. दुकानांच्या पाट्यांवरील लाल नळ्यांत तो वर्षानुवर्षे आहे तसाच राहतो. सोडियम मात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. त्याचा बारीक तुकडा पाण्यात टाकला तर तो पृष्ठभागावर सैरावैरा पळतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. पोटॅशियमही हेच करते, फक्त जास्त जोराने आणि जांभळट ज्योतीसह. एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने स्वभाव पार उलटतो आणि आठांच्या फरकाने तो परत येतो. असे का व्हावे, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

शाळेत याचे उत्तर लगेच मिळते. सोडियमचे संरूपण २, ८, १ आणि पोटॅशियमचे २, ८, ८, १. दोघांच्याही बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघांचे गुणधर्म सारखे. उत्तर बरोबर आहे. पण तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, हेही त्याच धड्यात सांगितलेले असते. मग पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातील दहा रिकाम्या जागा सोडून चौथ्या कवचात का जातो? चौकस मुले हे विचारतात, आणि पुढच्या इयत्तेत कळेल असे त्यांना सांगितले जाते. पुढच्या इयत्तेत तिरप्या बाणांची एक आकृती मिळते. ती पाठ होते, तिच्यावरचे गुणही मिळतात, पण कारण हाती लागत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण आधुनिक विज्ञानातल्या सर्वांत सुंदर कारणांपैकी ते एक आहे आणि ते समजून घ्यायला फार गणित लागत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की आवर्तसारणी इलेक्ट्रॉनपेक्षा जुनी आहे. दिमित्री मेंडेलीव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये आपली सारणी मांडली ती १८६९ साली. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. मेंडेलीव्ह यांच्या हाती ६३ मूलद्रव्ये, त्यांची अणुवस्तुमाने आणि त्यांच्या संयुगांची सूत्रे एवढेच होते. एखादे मूलद्रव्य ऑक्सिजनशी आणि हायड्रोजनशी कोणत्या प्रमाणात संयोग पावते, हा त्यांचा मुख्य आधार. त्यावर विसंबून त्यांनी काही घरे रिकामी ठेवली आणि तिथे काय यायला हवे तेही लिहून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडले. त्यांनी त्याची घनता ४.७ अशी मोजली. मेंडेलीव्ह यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी ती सुमारे ५.९ असायला हवी असे त्यांनी कळवले. अधिक शुद्ध नमुना तयार करून पुन्हा मोजली तेव्हा ती ५.९ निघाली. १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम मिळाले, तेव्हा सारणीवर शंका घेणारे फारसे उरले नाहीत.

म्हणजे मूलद्रव्यांचे गण आधी रसायनशास्त्रज्ञांनी ओळखले. इलेक्ट्रॉनांनी त्यांचे कारण नंतर पुरवले. बहुतेक पुस्तके हा क्रम उलटा मांडतात: आधी संरूपण, मग त्यावरून सारणी. शिकवायला ते सोपे पडते, पण त्यातून असा समज होतो की संरूपण हा वरून आलेला कायदा आहे आणि मूलद्रव्ये त्याप्रमाणे मुकाट्याने रांगेत उभी राहतात. तसे नाही, हे पुढे अनेकदा दिसेल.

अणुवस्तुमानाच्या क्रमात एक खोट होती. टेल्युरियमचे वस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९, वस्तुमानाने लावायचे तर आयोडीन आधी यायला हवे. पण आयोडीन उघडउघड क्लोरीन-ब्रोमीनच्या गणातले, म्हणून मेंडेलीव्ह यांनी क्रम मोडून टेल्युरियम आधी ठेवले. टेल्युरियमचे वस्तुमान चुकीचे मोजले गेले असावे असे त्यांना वाटत होते. मोजमाप बरोबरच होते. चूक होती ती क्रमाच्या निकषात. १९१३-१४ मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांमधून निघणारे क्ष-किरण तपासले. त्या किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्या अंतराने वाढते, असे त्याला आढळले. वाढणारी ती राशी म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार, अर्थात अणुअंक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३, वाद मिटला. आता किती घरे खरोखर रिकामी आहेत हे बोटावर मोजता येऊ लागले आणि त्यात ७२ क्रमांकाचे एक घर होते. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

अणूत इलेक्ट्रॉन थरांनी असतात हे कशावरून? हे कुणी सांगितले म्हणून मानायचे कारण नाही; ते मोजता येते. वायुरूप अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणाऱ्या ऊर्जेला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. दुसरा काढायला ४५६२, म्हणजे नऊपटीहून जास्त. मॅग्नेशियमचे पहिले दोन ७३८ आणि १४५१ किलोज्यूलमध्ये निघतात, तिसऱ्याला एकदम ७७३३ लागतात. ॲल्युमिनियमचे तीन निघतात आणि चौथ्यापाशी आकडा ११,००० च्या वर जातो. एक, दोन, तीन इलेक्ट्रॉन सैल आणि त्यामागे भिंत. सोडियमची संयुजा १, मॅग्नेशियमची २ आणि ॲल्युमिनियमची ३ का, हे या आकड्यांतच लिहिलेले आहे. मिठातले सोडियम एकाहून अधिक इलेक्ट्रॉन गमावत नाही, कारण दुसरा काढण्याचा खर्च कोणत्याही रासायनिक क्रियेला परवडत नाही.

आता दुसऱ्या आवर्तातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनांचे आकडे ओळीने पाहू. लिथियम ५२०, बेरिलियम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१. एकूण चढण आहे, कारण केंद्रकाचा प्रभार वाढतो आणि त्याच थरातले इलेक्ट्रॉन एकमेकांना त्याच्या ओढीपासून पुरेसे झाकत नाहीत. पण या चढणीत दोन ठिकाणी पाऊल खाली घसरते, एकदा बोरॉनला आणि एकदा ऑक्सिजनला. या दोन घसरणींत कवचाची आतली रचना उघडी पडते. दुसऱ्या कवचात दोन उपकवचे आहेत, २एस आणि २पी. लिथियम आणि बेरिलियम २एस भरतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन २पीमध्ये जातो, तो जरा वरच्या ऊर्जेवर असतो आणि म्हणून सहज निघतो. २पीमध्ये तीन कक्षिका आहेत. बोरॉन, कार्बन आणि नायट्रोजनपर्यंत प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतंत्र कक्षिका मिळते. ऑक्सिजनच्या आठव्या इलेक्ट्रॉनला कुणाच्या तरी जोडीला राहावे लागते, आणि दोन ऋण प्रभार एकाच जागेत आले की त्यांच्यातले अपकर्षण वाढते. शाळेतल्या कोणत्याही तक्त्यातले हे आठ आकडे वाचकाने स्वतः आलेखावर मांडून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एस आणि पी ही अक्षरे त्यानंतर परीक्षेतली चिन्हे वाटत नाहीत.

उपकवचांत किती जागा असतात, हे मात्र पुंज यांत्रिकीने सांगितले. अणूतल्या इलेक्ट्रॉनची अवस्था चार पुंज अंकांनी ठरते आणि एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे नसतात. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेला हा नियम या सगळ्याचा कणा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी एडमंड स्टोनर या केंब्रिजमधल्या संशोधक विद्यार्थ्याने कवचांची पोटविभागणी वर्णपटांवरून योग्य लावली होती. त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. हिशोब केला की एस उपकवचात २, पीमध्ये ६, डीमध्ये १० आणि एफमध्ये १४ जागा निघतात. पहिल्या कवचात फक्त एस, दुसऱ्यात एस आणि पी, तिसऱ्यात एस, पी आणि डी, चौथ्यात चारही. त्यावरून कवचांची क्षमता २, ८, १८, ३२.

आणि तरीही आवर्तांची लांबी २, ८, १८, ३२ अशी नाही. ती २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख एकेकाने पुढे जाते आणि दर सात दिवसांनी तोच वार परत खाली येतो. इथेही अणुअंक एकेकाने वाढतो आणि तोच स्वभाव परत खाली येतो, पण आठवड्याची लांबी बदलत जाते. ती बदलण्याचे कारणच पोटॅशियमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनचे कारण आहे.

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिथे तिसऱ्या कवचातली सर्व उपकवचे जवळपास एकाच ऊर्जेवर असतात. इलेक्ट्रॉन अनेक झाले की आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांसाठी केंद्रकाचा प्रभार झाकू लागतात. मग कोणता इलेक्ट्रॉन किती आत शिरू शकतो याला महत्त्व येते. एस कक्षिकेतला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही सापडण्याची शक्यता असते. डी कक्षिकेतला तिथे जवळपास फिरकत नाही. त्यामुळे पोटॅशियममध्ये ४एसमधला इलेक्ट्रॉन सरासरीने दूर असूनही आतल्या भागात डोकावून केंद्रकाची ओढ अनुभवतो, आणि ३डीमधल्या इलेक्ट्रॉनला मात्र आधीचे अठरा इलेक्ट्रॉन पुरते झाकून टाकतात. ४एसची ऊर्जा ३डीच्या खाली येते. एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये, विसावाही तिथेच, आणि मग कुठे स्कँडियमपासून ३डी भरू लागते. म्हणून तिसरे आवर्त आठांवर संपते, चौथे अठरांचे होते, आणि सारणीच्या मधोमध संक्रामक मूलद्रव्यांचे दहा रकाने उघडतात. सहाव्या आवर्तात याच कारणाने ४एफ उशिरा भरते आणि चौदा मूलद्रव्यांची एक पट्टी तयार होते. कागदावर मावत नाही म्हणून ती सारणीच्या खाली वेगळी छापतात. तिची खरी जागा मध्येच आहे.

तिरप्या बाणांच्या आकृतीमागचे कारण एवढेच. ज्या उपकवचाचा पहिला पुंज अंक आणि दुसरा पुंज अंक यांची बेरीज कमी, ते आधी भरते, हा नियम एर्विन माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. नियम उपयोगी आहे, पण तो ४एस आणि ३डी यांचे नाते कायमचे ठरवत नाही. स्कँडियमपासून पुढे केंद्रकाचा प्रभार वाढतो तशी ३डीची ऊर्जा झपाट्याने घसरते आणि ४एस हीच कडेची कक्षिका होते. म्हणून लोखंडाचा अणू आयन होताना ४एसमधले दोन इलेक्ट्रॉन आधी सोडतो आणि ३डीमधला त्यानंतर. शेवटी भरले ते आधी निघेल, असे गृहीत धरणारे विद्यार्थी इथे नेमके चुकतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही, आकृती कारणाशिवाय शिकवण्याचा आहे.

आता ७२ क्रमांकाच्या रिकाम्या घराकडे. माझ्या मते संरूपणाच्या कल्पनेची सर्वांत कसोशीची परीक्षा तिथे झाली. पॅरिसमधले जॉर्ज उर्बां हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे, म्हणजे मुख्यतः मघाच्या चौदांच्या पट्टीतल्या मूलद्रव्यांचे, नामवंत तज्ज्ञ. त्यांनी १९११ मध्ये सेल्टियम नावाचे एक नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा केला होता, अर्थातच दुर्मिळ मृदांमध्ये. १९१४ मध्ये मोझलीने त्यांचा नमुना क्ष-किरणांनी तपासला; त्यात ७२ ची खूण मिळाली नाही. तरी दावा मेला नाही, आणि १९२२ मध्ये पॅरिसमधल्याच नव्या क्ष-किरण मोजणीच्या जोरावर तो पुन्हा वर आला. इकडे कोपनहेगनमध्ये नील्स बोर मूलद्रव्यांचे संरूपण एकेक इलेक्ट्रॉन वाढवत रचत होते. त्यांच्या रचनेप्रमाणे चौथ्या कवचाचा राहिलेला भाग ७१ व्या लुटेशियमपाशी भरून संपतो. मग ७२ व्या मूलद्रव्याला दुर्मिळ मृदांमध्ये जागाच नाही. त्याच्या कडेला चार इलेक्ट्रॉन असणार आणि ते झिर्कोनियमसारखे वागणार. चार्ल्स बरी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये रासायनिक विचारावरून हेच लिहिले होते, हेही नोंदवले पाहिजे. श्रेय एकट्या बोर यांना देण्याची प्रथा बरोबर नाही.

बोर यांच्या संस्थेत डच दिर्क कॉस्टर आणि हंगेरियन जॉर्ज द हेवेशी यांनी मग दुर्मिळ मृदांची खनिजे बाजूला ठेवली आणि झिर्कोनियमची खनिजे क्ष-किरणांखाली धरली. ७२ च्या रेषा दिसल्या, आणि त्याही ठळक. बोर तेव्हा नोबेल पारितोषिकासाठी स्टॉकहोमला होते. कॉस्टर यांनी फोन करून त्यांना कळवले आणि ११ डिसेंबर १९२२ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात बोर यांनी ते जाहीर केले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून नव्या मूलद्रव्याला हाफ्नियम म्हणू लागले. झिर्कोनियमचा शोध क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये लावला होता. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे रसायनशास्त्रज्ञांनी ज्याला झिर्कोनियम समजून हाताळले, तोलले आणि ज्याची अणुवस्तुमाने छापली, त्यात दर वेळी थोडे हाफ्नियम मिसळलेले होते आणि ते कुणाच्याही ध्यानात आले नव्हते.

ध्यानात न येण्याचे कारण पुन्हा इलेक्ट्रॉनांतच आहे. गणात खाली जाताना एक कवच वाढते, म्हणून अणू मोठा व्हायला हवा. पण झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्यामध्ये ती चौदा मूलद्रव्यांची पट्टी येते. या पट्टीत भरणारे ४एफ इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार नीट झाकत नाहीत. केंद्रकाचा प्रभार चौदाने वाढतो आणि त्यातला बराचसा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना जाणवत राहतो, त्यामुळे अणू आकसत जातो. कवच वाढल्याने मिळालेला आकार या आकसण्यात जवळजवळ पूर्ण खर्च होतो. कडेचे इलेक्ट्रॉन सारखे, आकारही सारखा. रासायनिक क्रियेने वेगळे करायला मग उरले काय?

या जुळेपणाची झळ आपल्या किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पापर्यंत पोहोचते. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. अशा अणुभट्ट्यांत इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास शोषत नाही. हाफ्नियम मात्र ते झिर्कोनियमच्या सुमारे सहाशेपट शोषते. नियंत्रक कांड्यांसाठी ते वापरतात ते याच गुणामुळे. म्हणून नळ्यांसाठीच्या झिर्कोनियममधून हाफ्नियम निपटून काढावे लागते. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम द्रावक निष्कर्षणाच्या टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या प्रक्रियेने होते. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. आवर्तसारणीतला गण अणूच्या कडेबद्दल बोलतो, केंद्रकाबद्दल नाही. न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनांशी देणेघेणे नसते, तो थेट केंद्रकाला भिडतो, आणि तिथे ही दोन मूलद्रव्ये एकमेकांची कुणीच लागत नाहीत.

इथवर वाचून कुणाला वाटेल की एका गणातल्या सर्व मूलद्रव्यांचे कडेचे संरूपण तंतोतंत सारखे असते. पहिल्या दोन गणांत आणि सारणीच्या उजव्या बाजूला तसे आहे. मधल्या भागात नाही. दहावा गण पाहा: निकेलमध्ये ३डीत आठ आणि ४एसमध्ये दोन, पॅलेडियममध्ये ४डीत दहा आणि ५एस पूर्ण रिकामे, प्लॅटिनममध्ये ५डीत नऊ आणि ६एसमध्ये एक. तीन मूलद्रव्ये, तीन संरूपणे, गण एक. तिघांत सारखे काय, तर कडेच्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या दहा. डी आणि एस यांच्या ऊर्जा इतक्या जवळ आहेत की थोड्याशा कारणाने वाटणी बदलते, आणि ती वाटणी एकाकी, वायुरूप अणूची असते. संयुगात तिला फारसा अर्थ उरत नाही. क्रोमियमच्या बाबतीत अर्धे भरलेले डी उपकवच जास्त स्थिर असते असे कारण दिले जाते. ते खरेच सर्वत्र लागू असते, तर त्याच सहाव्या गणातल्या टंगस्टननेही ते पाळले असते. टंगस्टनमध्ये ५डीत चार आणि ६एसमध्ये दोन आहेत. सूत्रवजा कारणे अशी एका ओळीने खाली उतरताच तुटतात. तिसऱ्या गणात यट्रियमच्या खाली लँथॅनम हवे की लुटेशियम, हा वादही याच जातीचा. वेगवेगळ्या तक्त्यांत आजही वेगवेगळे उत्तर छापलेले दिसते.

सर्वांत ठसठशीत अपवाद तर दुसऱ्याच घरात बसलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाविना तसा वर्णपट मिळवला आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही हे ओळखले. ते हेलियम. पृथ्वीवर ते विल्यम रॅमझी यांना १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजात मिळाले. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन १एसमध्ये, म्हणजे कडेला एसचे दोन. बेरिलियमच्या कडेलाही एसचे दोन. संरूपणाची अक्षरे जुळवायची तर हेलियम बेरिलियमच्या डोक्यावर, दुसऱ्या गणात हवे. आपण ते निऑनच्या वर ठेवतो, आणि ते बरोबर आहे. बेरिलियममध्ये भरलेल्या २एसच्या जवळच रिकामे २पी आहे, म्हणून त्याचे इलेक्ट्रॉन बंधात उतरू शकतात. आयनीभवन ऊर्जा ९००. हेलियममध्ये १एसनंतरची पहिली रिकामी जागा फार उंचावर आहे आणि इलेक्ट्रॉन काढायला २३७२ किलोज्यूल लागतात, सर्व मूलद्रव्यांत जास्त. अक्षरे सारखी, पकड निराळी. गण ठरवताना निर्णायक ठरते ती पकड.

या पुस्तकाची मांडणी मी त्यामुळेच संरूपणांच्या यादीने सुरू केलेली नाही. प्रत्येक प्रकरणात आधी मोजलेले आकडे येतात, मग मूलद्रव्याचे वागणे, आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनांची रचना. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग बनवले तेही अशाच आकड्यांवरून. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते असे त्यांना आढळले होते. झेनॉनचा कडेचा इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते हे त्यांनी तक्त्यात पाहिले आणि प्रयोग करून बघितला. तोवर राजवायूंचे आठ इलेक्ट्रॉनांचे कवच अभेद्य आहे असेच वर्गात सांगितले जात असे.

शेवटची दोन प्रकरणे जड मूलद्रव्यांची आहेत. तिथे सापेक्षता सिद्धांत रसायनशास्त्रात शिरतो. सोन्याच्या केंद्रकावर ७९ चा प्रभार आहे. त्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त असतो. परिणामी एस कक्षिका आकसतात, कडेची ६एससुद्धा. ५डी आणि ६एस यांच्यातले अंतर इतके कमी होते की सोने निळा प्रकाश शोषते आणि पिवळे दिसते. चांदीत हे अंतर मोठे आहे, ती पांढरी राहते. पारा घरातल्या तापमानाला द्रव का, आणि शिसे कार्बनच्या गणात असूनही बहुतेक वेळा चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन का देते, यांची उत्तरेही ६एसच्या या वाढलेल्या पकडीत आहेत. ॲक्टिनाइडांची कहाणी मी थोडक्यात आटोपली आहे. ग्लेन सीबॉर्ग यांनी १९४४-४५ च्या सुमारास त्यांची वेगळी पट्टी केली, त्याआधी युरेनियम टंगस्टनच्या खाली छापले जाई, एवढे इथे पुरे.

सारणीचे सातवे आवर्त ११८ व्या ओगानेसॉनपाशी पूर्ण झाले. त्याच्यासह चार नव्या मूलद्रव्यांची नावे २०१६ मध्ये मान्य झाली. ११९ वे अजून कुणी बनवलेले नाही. ते बनले तर त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन ८एसमध्ये जावा आणि त्याला फ्रान्सियमच्या खाली, सोडियम-पोटॅशियमच्याच रकान्यात जागा मिळावी. त्या रकान्यात वरून खाली येताना कडेचा इलेक्ट्रॉन सैल होत जातो: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सीझियम ३७६. फ्रान्सियमला मात्र हा आकडा पुन्हा वर चढून ३९३ होतो, आणि ११९ साठी केलेली गणिते तो फ्रान्सियमपेक्षाही वर जाईल असे सांगतात. म्हणजे पहिल्या गणातले सर्वांत जड मूलद्रव्य त्या गणातले सर्वांत जहाल नसेल. गणित खरे की खोटे हे प्रयोगशाळेत ठरायचे आहे, आणि असे थोडेच अणू, तेही क्षणार्धच टिकणारे, हाती आले तर त्यांच्यावर हे मोजायचे कसे, याची माहिती अखेरच्या प्रकरणात दिली आहे.